कोण काय वाचतं

प्रिय धाकट्या,

रविवारी तू फोन आपटलास, त्यानंतर मी दोन दिवस वाट पाहिली. तुझा राग दोन दिवसांत उतरतो, असा माझा आजवरचा अनुभव. या वेळी उतरला नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर निदान तुला मध्येच उठून हरकत घेता येणार नाही.

आधी तू काय मागितलंस ते स्वच्छ लिहिते, म्हणजे पुढे त्यावरून वाद नको. तुझ्या अशिलाला त्याची जुनी इमारत पाडायची आहे. तळमजल्यावर शिवणाचं दुकान चालवणारी बाई जागा सोडत नाही, तिने वकीलही केलेला नाही, स्वतःच कोर्टात उभी राहते. तिला तू आमच्या विद्यापीठाच्या कायदा ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरताना पाहिलंस, हातात झेरॉक्सचा गठ्ठा. पुढच्या गुरुवारी सुनावणी आहे. तोवर ती कोणते खंड काढते, कोणते निकाल वाचते, तेवढं मी तुझ्या कानावर घालायचं. सख्ख्या भावासाठी एवढं जमत नसेल तर यापुढे माझ्या घराची पायरी चढू नकोस, असं म्हणालास. तुझंच वाक्य आहे, मी पदरचा एक शब्द घातलेला नाही.

तर माझं उत्तर असं, की मी सांगणार नाही. ती बाई आमच्याकडे येते की नाही, हेसुद्धा सांगणार नाही. पायऱ्या काय, दिवसाला दीडदोनशे माणसं उतरतात.

तू वकील होऊन वीसहून जास्त वर्षं झाली, पण ताई पुस्तकांवरची धूळ झटकते यापलीकडे तुला माझ्या नोकरीतलं काही माहीत नाही. एकदा सकाळभर माझ्या शेजारी बसून बघ. कोणी विद्यार्थी वादस्पर्धेसाठी घामाघूम होऊन आलेला असतो. कोणी प्राध्यापक असतात, त्यांना परदेशातल्या एखाद्या नियतकालिकातला लेख हवा असतो, कालच हवा असतो. तो मी दुसऱ्या ग्रंथालयातून चार दिवसांत मागवून देते. आणि रोज एखादा माणूस असा येतो, की ज्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत नोटीस असते आणि ती तो बाहेर काढायला लाजतो. त्याला मी सल्ला देत नाही, ते आमचं कामच नव्हे. हे कलम तुम्हाला लागू पडतं का, हे मी सांगत नाही. ते कुठे आहे, त्यात शेवटची दुरुस्ती कधी झाली, त्यावरचे निकाल संगणकावर कसे शोधायचे, हे दाखवते. खुर्ची ओढून देते आणि बाजूला होते. तासाभराने तो माणूस ताठ बसून टिपणं काढत असतो. ते बघायला मला अजून आवडतं, अठ्ठावीस वर्षं झाली तरी.

आणि तो काय वाचतो ते मी पोटात ठेवते. पुस्तक परत आलं की ते कोणी नेलं होतं ही नोंद आमच्याकडे पुसली जाते, तसा नियमच आहे. मागे एका प्राध्यापकांनी फार गळ घातली, त्यांनी स्वतः लिहिलेलं पुस्तक कोणकोण नेतं ते त्यांना हवं होतं. नियम दाखवून मी त्यांना परत पाठवलं. त्यात त्यांचीच अब्रू वाचली, पण ते त्यांना सांगण्याची सोय नव्हती. हसण्यावारी नेऊ नकोस. घटस्फोटाचा कायदा वाचायला आलेल्या बाईचा नवरा पलीकडच्याच इमारतीत नोकरीला असतो. आपण इथे बसलो होतो हे बाहेर जाणार, अशी नुसती शंका आली, तरी ती पुन्हा येणार नाही.

तुला मदत हवी असेल तर सरळ दारातून ये. बुधवारी ग्रंथालय सकाळी नऊला उघडतं. कोणालाही जे दाखवते ते सगळं तुलाही दाखवीन, अगदी मन लावून. तुझी जुनी खोड मला ठाऊक आहे, शोधात वर आलेले पहिले तीन निकाल छापायचे आणि चौथ्याकडे ढुंकून बघायचं नाही. निकाल अजून टिकून आहे की वरच्या कोर्टाने फिरवला, हे तपासायला पाच मिनिटं लागतात. हे मी येईल त्या प्रत्येकाला सांगते, त्यामुळे तुला सांगण्यात पक्षपात नाही. तू चांगला वकील आहेस, धाकट्या. चांगला असून असली चोरवाट शोधलीस, त्याचं मला फार वाईट वाटलं. फोन आपटल्याचं तितकं नाही.

तुझ्या घराची पायरी बंद झाली तर मला जड जाईल, हे लपवत नाही. शनिवारी तुझी लेक मला बुद्धिबळात हरवायला टपलेली असते. आत्या का येत नाही असं तिने विचारलं तर काय सांगायचं ते तूच ठरव. मी मात्र बदलणार नाही, आणि का नाही, ते आता लिहिते. खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं.

तू तिसऱ्या वर्षाला होतास, मला या काउंटरवर लागून सहा महिने झाले होते. परीक्षेत तुझ्या बाकाखाली कागद सापडला, विद्यापीठाच्या चौकशी समितीने तुला वर्षभरासाठी काढलं, आणि घरात कोणाला पत्ता न लागू देता तू रोज डबा घेऊन निघायचास. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून विद्यापीठाचे नियम आणि समितीचे जुने निर्णय वाचायचास. मागणीच्या चिठ्ठ्या माझ्याच हातात यायच्या. एकदा परत केलेल्या खंडात समितीचं पत्र विसरलास, ते मी वाचलं आणि होतं त्याच पानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो खंड तुझ्या हातात दिला, तू माझ्याकडे न बघता घेतलास. मग एका दुपारी बाबा आले. त्यांना कुठूनतरी कुणकुण लागली होती. इस्त्रीचा शर्ट घालून काउंटरपाशी उभे राहिले आणि म्हणाले, तो दिवसभर काय वाचत बसतो ते सांग. मी म्हणाले, वाचकाचं आम्ही कोणाला सांगत नाही. मी त्याचा बाप आहे, म्हणाले. मी म्हणाले, घरी. त्यानंतर चौदा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत, समोर बसून आईमार्फत मीठ मागायचे. मी न विचारता केस कापून आले म्हणून ते रुसले, असं तू आजवर समजतोस. केसांवरून कोणी चौदा महिने अबोला धरतं होय? तू अपील जिंकलास, पुन्हा वर्गात बसलास, वकील झालास. बाबा गेले तरी त्यांना काही कळलं नाही. चिठ्ठ्या आम्ही त्याच वर्षी फाडल्या, त्यामुळे तुझी नोंद आता माझ्या डोक्याशिवाय कुठेच नाही, आणि तीही मी कोणाला दाखवणार नाही. फक्त वाचकाला स्वतःची नोंद पाहायचा हक्क असतो, म्हणून तुला ती पाठवते आहे.

काउंटरवर असले तरी तुझीच,
ताई