आतून लावायची कडी

माय, आपलं घोडं आता न्हाई. म्हातारं झालं व्हतं, पायाला सूज यायची, शेवटी शेवटी रिकामं बी चालवत नव्हतं त्याला, तरी बा त्याला दोन वर्षं संगं घेऊन हिंडला. आता त्याच्या जागी गाडी आली. जुनी पिकअप हाय, पांढरी, एका बाजूनं पत्रा दबलेला. दादा चालवतो. बा आन मी मेंढ्यामागं पायी चालतो, दादा बिऱ्हाड घेऊन पुढं जातो, ज्याच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवायच्या तिथं. तू गेलीस तेव्हा मी सात वर्षांची व्हते, दादा दहाचा. आता तो मिशी ठेवून राहिला आन हारन वाजवून राहिला. तुला खरं वाटनार न्हाई.

गाडी आली पन तिला घर कसं करायचं ते कोनालाच कळंना. घोड्याचं तुला माहीत व्हतं. जड सामान खांद्यापाशी, हलकं मागं, मुक्कामाला पहिलं जे लागतं ते सगळ्यात वर. तवा, काडीपेटी, मिठाचा डबा वर. कोंबड्या त्याच्यावर, पाय बांधून. दोन्ही बाजूला झोळ्या आन त्या झोळ्यात मेंढ्यायची नवी लेकरं, मुंडकी बाहेर काढून बसलेली. तू कोनाला इचारत नव्हतीस. बा दोरी धरून उभा राहायचा आन तू म्हनायचीस, आवळा, आन तो आवळायचा. गाडीचं मात्र सगळे इचारून राहिले, आन ज्याला त्याला येगळंच पायजे.

दादानं मोबाईलवर एक गाडी पाह्यली व्हती. गोऱ्या लोकायची. चालताना छत खाली बसलेलं, थांबली की छत वर उठतं, मधी कापडाच्या भिंती, आत माणूस उभा राहतो. दादा त्याच्यानं येडाच झाला. हिंगोलीला एक मिस्त्री हायेत, गाड्यायला बॉडी बांधतात, सगळे त्यायला चाचा म्हनतात. आमी तिघं तिथं गेलो. दादानं मोबाईल पुढं केला, "चाचा, असं करायचं. बटन दाबलं की वर." चाचानं चष्मा वर केला, पाह्यलं, आन म्हनले, "बटन दाबनारे लोक येगळे, बेटा. त्यायच्या मागं मेंढ्या न्हाई चालत." बा म्हनला, "मंग उंचच बांधा एकदाचं. वरखाली काहून करायचं?" चाचा म्हनले, "उंच बांधलं की वावराच्या रस्त्यानं बाभळीत अडकनार. न्हाईतर लाईटच्या तारेत. आन वारा आला की गाडी आडवी. पोराचं बराबर हाय, फक्त बटन नको."

दादाला चरखी पायजे व्हती, दोरीनं छत वर खेचायला. बा म्हनला दोरी तुटली की डोक्यात बसंल. चाचानं मग पाइपात पाइप घालून दाखवला. चार कोपऱ्याला चार, वर उचलायचं आन भोकात खीळ घालायची. मोडलं तर कोन्या बी गावात जोडता येतं. कापडाचं बी लई झालं. ताडपत्री स्वस्त, पन आतून घाम सुटतो, सकाळी अंथरून ओलं. कॅनव्हास जाड, त्याला हवा लागते पन पावसात जड व्हतो. कॅनव्हास ठरला. वर सोलरची एक पाटी, कारन दादाला रातीला मेंढ्या कोंडायच्या जाळीभवती, वाघुरीभवती, तारेचा झटका लावायचा व्हता, लांडग्यासाठी. दोन बाजूला दुमडायच्या फळ्या, बा आन दादाला झोपायला. डायवरच्या डोक्यावर पुढं निघालेला एक कप्पा, तिथं मी. आन खाली सगळी जागा मेंढ्यायच्या लेकरायला. बा म्हनला, "पंधरा बसली पायजेत. थंडीत पाय न्हाई टेकत त्यायचे." चाचानं तळाला उताराचा पत्रा सांगितला आन त्याला भोकं, म्हंजे मूत खाली जाईल. सगळ्यायचं सगळं झालं. मी दाराशी उभी व्हते. माह्या हातात चहाचे कप व्हते.

मला काय पायजे व्हतं ते सांगते, माय. तुलाच सांगू शकते. मला एक कोपरा पायजे व्हता, दार असलेला, न्हायला. आन महिन्याच्या त्या दिवसायला.

मागच्या वर्षीपस्तोर काकू संगं यायच्या. त्यायचे लेकरं आता शाळेला बसले, म्हनून ते घर गावातच थांबलं. मी सातवीतून शाळा सोडली ती मेंढ्यामागं जायला मानूस कमी पडतं म्हनून, आन आता बिऱ्हाडात मी एकटीच बाईमाणूस. काकू व्हत्या तेव्हा एक न्हायची, दुसरी लुगडं धरायची. एकटीला लुगडं धरता येत न्हाई. मी उजाडायच्या आधी उठून तुरीत जायचे, तांब्या घेऊन, आन अर्धंच न्हायचे. कधी चार चार दिवस न्हायलेच न्हाई. बा म्हनायचा, पोरीच्या अंगाला मेंढीचा वास येऊन राहिला. सगळ्यायच्याच अंगाला येतो. पन तो मला म्हनायचा.

तू उभ्या केलेल्या बाजेला लुगडं बांधून न्हायचीस आन मला राखन बसवायचीस. "बघ गं, कोनी येऊन राहिलं का." मी पाच-सहा वर्षांची असंल. एकदा एक काळं लेकरू माह्याकडं आलं, मी त्याला बोट चोखायला दिलं, आन तेवढ्यात वावराचा मालक धुऱ्यानं, बांधाबांधानं आला. मी सांगितलंच न्हाई. तो बाजेच्या पल्याडच उभा राह्यला, बाशी बोलत, मेंढ्या अजून किती दिवस बसवता, खत कुठं कुठं पडलं. लई बोल्ला. तू आत तशीच खाली बसून राह्यलीस, ओली. मला तुहे पाय दिसून राहिलेत, लुगड्याच्या खालून, बोटं चिखलात आवळलेली. तो गेल्यावर तू बाहेर आलीस आन माह्या पाठीत एक घातलीस. "डोळे कशाला दिले गं तुला?" दुपारपस्तोर बोल्ली न्हाईस. मंग भाकरीवर गुळाचा खडा ठेवलास, तोंड तिकडं करून. मला तेव्हा वाटलं मारलं म्हनून गूळ दिला. आता वाटतं तू माह्यावर चिडलीच नव्हतीस. तुला कधी कडी व्हती का गं, माय? गावातल्या घरी बी मोरीला पोतंच व्हतं.

तिसऱ्या खेपेला चाचानं खडू काढला, गाडीत खाली आखायला. बाला इचारलं, "चूल कोन पेटवतं?" बा म्हनला, "ही." "मंग खडू हिच्याच हातात," म्हनत चाचानं तो मला दिला. मी गाडीत चढले. चूल मागल्या उघडायच्या फाळक्यापाशी आखली, धूर बाहेर जाईल अशी. पान्याचा ड्रम डायवरच्या पाठीशी, कारन जड सामान खांद्यापाशी, हे मला तुह्याकडून माहीत. चाचा म्हनले, "वा, पोरीला वजन कळतं." बाला बरं वाटलं असंल. तो खूश हाय तेवढ्यात मी लेकरायच्या जागेतून एक कोपरा तोडला. एक रेघ अशी, एक अशी. उभं राह्यलं, वाकलं की झालं, एवढाच.

"हे काय गं?" बानं इचारलं.

तिथं सांगायचं व्हतं. चाचा उभे, दादा उभा, शेजारच्या दुकानातले दोघं बी पाहून राह्यले. माह्या तोंडातून निघालं, "कोठी."

"कशाची कोठी?"

"दान्याची. पिठाची. मागच्या वर्षी लेकरायनं सगळं पीठ सांडलं न."

बानं डोकं खाजवलं. "लेकरायची जागा कमी व्हते मंग. किती बसतील?"

दादा म्हनला, "नऊ. दाबून दहा."

"पंधरा म्हनलं व्हतं." बानं त्या रेघायकडं पाह्यलं. "बरं. दानं बी लागतंच."

तर माय, मला कोपरा मिळाला. आन आठ दिवसानं गाडी घ्यायला गेलो तर कोपऱ्याला पत्र्याचं दार, आन दाराला कडी. बाहेरून. कोठीला कडी बाहेरूनच राहते. मी ती पाह्यली आन मला रडू आलं आन हसू बी आलं.

बा मधी शिरला, पोतं उभं राहतं का पाहायला. दादाला मस्करी सुचली, त्यानं दार लोटून कडी घातली. आतून बा पत्र्यावर मारून राह्यला, "उघड रे गाढवा!"

"आतून उघडा की, बा!"

"आतून कडीच न्हाई हिला!"

दादा म्हनला, "कोठीला आतून कडी काहून पायजे? ज्वारी काय कडी लावून न्हायला बसनार हाय का?"

चाचा एवढे हसले की चहा बाजूला ठेवावा लागला. मी बी हसले. मंग दादानं दार उघडलं, बा बाहेर आला, टोपीला लोखंडाचा भुसा लागलेला. आन सगळे हसून राह्यले व्हते तेव्हाच मी म्हनले, "आतून बी पायजे."

दादा हसतच व्हता. "काहून? कोन बसनार आत?"

"मी."

बास. एवढंच. पायाकडं पाहून बोलले. दादाचं तोंड लाल झालं, तो उगंच टायर पाहायला गेला. बानं टोपी काढली, झटकली, परत घातली. माह्याकडं पाह्यलं न्हाई. चाचाला म्हनला, "आतून लावा." आन रस्त्यापल्याडच्या हाटेलाकडं चालत गेला, चहा समोर ठेवलेला असून. चाचानं कड्यायचा डबा माह्यापुढं ओतला. "बेटी, तुह्या हातानं लावून पाहा. जी बराबर बसंल ती." मी सगळ्यात जाड घेतली. बाहेरची तशीच राह्यली, काढ म्हनायची हिंमत नव्हती.

आता डोंगरकडा गावाच्या अलीकडं हाव आमी. वीसेक दिवस झाले. मुक्कामाला पोचलो की बा आन दादा छत वर करतात, खिळी घालतात. सकाळी दादा मेंढ्याकडं जातो आन बा चुलीकडं पाठ करून बसतो. मी बादली घेऊन आत जाते. कडी लावते. पहिल्या दिवशी मी तीनदा काढून तीनदा लावली. ऊन पानी अंगावर घेतलं, पुरं, डोक्यापस्तोर. तुला सांगावं असं वाटलं.

पन लेकरं चौदा झाली. दहा आत बसतात दाबून. चार गाडीखाली टोपल्यात, वरून पोतं. परवा थंडी लई पडली. काल सकाळी टोपल्यातलं एक कडक झालेलं. बानं ते उचललं, तोंडात फुंकून पाह्यलं, पाय चोळले. मंग खाली ठेवलं. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं फक्त एकदा त्या दाराकडं पाह्यलं आन कुदळ आनायला गेला. दादा म्हनला, "रातीला तो कोपरा रिकामाच असतो न." मी म्हनले, "व्हय, ध्यानात आलं न्हाई."

ध्यानात आलं व्हतं, माय. परवा संध्याकाळी वारा सुटला तेव्हाच आलं व्हतं. चारी लेकरं त्या कोपऱ्यात मावली असती. पन एकदा लेकरं आत गेली की तो लेकरायचाच व्हतो, रोजचा, आन मंग कोन म्हननार माहा हाय. मी बाहेरची कडी लावली, वरून दोरी आवळली आन वर जाऊन झोपले. झोप बी लागली. काल संध्याकाळी उरलेली तिन्ही लेकरं मीच त्या कोपऱ्यात घातली, कोनी सांगितलं न्हाई. आज पत्रा दोनदा धुतला तरी वास हाय. असू दे.

तुला वाचता येत नव्हतं, म्हनून हे लिहायला भ्या वाटत न्हाई. तू असतीस तर पाठीत घातली असतीस का, ते मला कळत न्हाई. लई इचार केला. थकले.

हे सातवीच्या वहीच्या मागल्या पानावर लिहून राह्यले, आत बसून, कडी लावून. दार लावल्यावर मांडीवर वही कशीबशी मावते. बाहेर बा खोकलून राहिलाय. आज मुक्काम हलवायचा, छत खाली घ्यायचं हाय, आन मी आत असले की ते घेता येत न्हाई. आत्ताच त्यानं लांबूनच आवाज दिला, "पोरी, किती येळ?"

"न्हाऊन राह्यले, बा," म्हनले.

बादली भरलेलीच हाय. पानी थंड झालं.