भूमियाच्या जागेची मालकीण

मी, जयनारायण रामफल यादव, वय छप्पन, वाणिज्य पदवीधर, मूळ गाव कासनखेडा, जिल्हा गुरुग्राम, पूर्ण शुद्धीवर असून माझ्या मालमत्तेची व्यवस्था स्वहस्ते लिहून ठेवत आहे. यापूर्वीचे कोणतेही लेखन ग्राह्य धरू नये.

१. राहते घर पत्नी संतरा हिचे. आमच्या गव्हाच्या शेताच्या बदल्यात, त्याच शेतावर उभ्या राहिलेल्या काचेच्या मनोऱ्यात मिळालेले कार्यालय मुलगा निशांत याचे.

२. नांगर थोरले बंधू रिसाल यांना. ग्रामदैवत भूमियाचे ठाणे हलवण्याच्या कागदावर पहिली सही त्यांची होती. गावात जो सर्वांत आधी मेला तो भूमिया. नवी सून आधी त्याच्या पाया पडते, मगच उंबरा ओलांडते. त्याच्यासाठी मनोऱ्याच्या फाटकाशी संगमरवरी देऊळ बांधले. तो तिथे गेला नाही. नांगर बंधूंनी हवा तर दिवाणखान्यात टांगावा. त्याखाली झोपू नये.

३. मनोऱ्याच्या तळघरातील आमची मोटार लावण्याची जागा. ठाणे इथेच होते. इथली फरशी कधी वाळत नाही. सून गरिमा याच मनोऱ्यात नोकरी करते. लग्नानंतर तिला इथे आणावे म्हटले, तर निशांत हसला : "बापू, आता पार्किंगच्या पाया पडायचं?"

पहिल्याच आठवड्यात खांबाआडून तिला कोणीतरी विचारले, "कोणाची गं तू?" तिने कंपनीचे नाव सांगितले. "त्या नावाचं घर नाही गावात," असे उत्तर आले. पहारेकऱ्याच्या कॅमेऱ्यात ती एकटीच बोलताना दिसते. हल्ली ती घरी येते तेव्हा तिच्या तळव्यांना ओली माती असते. नोकरी सोड म्हटले, तर म्हणाली, "सोडली होती, पप्पा. पाय तिकडेच वळतात." एक दिवस ती तळघरातून वर येणार नाही, अशी मला भीती आहे.

मी स्वतः त्या खांबापाशी जाऊन भूमियाला हात जोडले. "दादा, सून आहे माझी."

"पाया न पडता? कसली सून!"

"आता पडेल."

"वेळ गेली. माझ्या मातीवर उभं राहायचं तर मालकीण होऊन राहू दे."

म्हणून ही जागा निशांतला नव्हे, गरिमा हिला, तिच्या एकटीच्या मालकीची म्हणून देत आहे. बक्षीसपत्राला बांधकाम कंपनीची संमती लागते. ती नाकारली गेली. मृत्युपत्राला लागत नाही.

हे काल दुपारी मी तळघरात भूमियाला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले.

"लागू कधी?"

"माझ्या मृत्यूनंतर."

"बरं," तो म्हणाला, आणि खांबापाशी थोडा सरकून त्याने माझ्यासाठी जागा केली.

दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचून सही केली.

जयनारायण रामफल यादव

साक्षीदार :
लखमीचंद, माजी नंबरदार, कासनखेडा
देबाशीष नायक, पहारेकरी

गुरुग्राम, १४ नोव्हेंबर २०१९