टाक्यांखालचा पत्रा

युमा, अ‍ॅरिझोना
१२ जून

प्रिय इडाताई,

तुझी जर्दाळूची बरणी पोचली, फुटली नाही. इथे उन्हाने जीव नकोसा केलाय. माझी कंबरही धरलीय, आणि त्याला कारण आमची ती म्हातारी गाडी.

डॉक्टरांनी मर्लला सांगितलंच होतं, हा उन्हाळा निघणं कठीण आहे. तेव्हापासून ह्याचं एकच टुमणं: ऑरेगनचा समुद्र बघायचा, तोही आपल्या ह्याच गाडीतून, ह्या फिरत्या घरातून. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी घेतलेलं ना ते! पण उन्हात चढ लागला की टाक्यांतलं पेट्रोल उकळतं आणि गाडी मधेच मान टाकते. धुराची नळी टाक्यांना अगदी खेटून जाते. मधे पत्रा बसवल्याशिवाय घाट चढायचं नावच नको. ह्याला वाकवत नव्हतं, म्हणून गाडीखाली मी शिरले. हा खुर्ची टाकून, मांडीवर पाना घेऊन मुकादमासारखा बसलेला.

पहिल्या दिवशी मी धग परतवणारं चंदेरी अस्तर थेट टाकीलाच चिकटवलं. काय ओरडला!

“अगं बये, गोधडी पांघरवलीस तिला? आतल्या आत शिजेल ती! बोटभर जागा सोड, हवा खेळू दे.”

“मग ये ना तूच खाली!”

“आलो असतो गं, पण सगळी जागा तूच अडवलीयस.”

शेवटपर्यंत वात्रट.

गेल्या मंगळवारी शेवटचा पत्रा लावत होते. विचारलं, “सरळ बसलाय का रे?” उत्तर नाही. म्हटलं, डुलकी लागली असेल. मग पाना खाली पडला, आणि त्याने तो उचलला नाही. मला खालून फक्त त्याचे बूट दिसत होते.

ताई, मला कळलं होतं. तरी मी बाहेर आले नाही. घट्ट बसलेला बोल्ट पुन्हा पुन्हा आवळत राहिले. बाहेर आले असते तर त्याच्याकडे बघावं लागलं असतं. शेवटी शेजारच्या ग्लेनिसने पाय धरून ओढलं मला.

त्या रात्री फोनवर तुला म्हटलं, मर्ल झोपलाय. ‘गेला’ हा शब्द तोंडातून निघेचना.

काल भर दुपारी गाडी घाटात नेली. एकदाही अडखळली नाही. माथ्यावर पोचले आणि शेजारच्या सीटकडे वळून ओरडले, “बघ, चढली!”

ये गं ताई. मला एकटीला जमत नाही.

तुझी धाकटी,
नेल्डा