वन्सं, मी घेत नाही

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (तुम्ही मात्र वाकू नका. गुडघ्याचा पट्टा बांधता, की तो नुसताच खुंटीला लटकतोय?) आम्ही दोघं ठीक, म्हणजे आपापल्या पायांवर उभे आहोत, आणि आमच्या घरात ही मुद्दाम कळवण्यासारखी गोष्ट आहे.

मी पिऊ लागले असं तुमच्या कानावर आलं आणि तुम्हाला जेवण गेलं नाही, हे वाचून वाईट वाटलं. म्हणून खरं काय ते सविस्तर लिहिते.

तुमचे धाकटे बंधू घेतात हे तुम्हाला ठाऊक आहे, जरी तुम्ही त्याला 'कधीमधी' म्हणता. पण चष्मे बनवणाऱ्याचा हात थरथरू लागला की काय होतं, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मध्यंतरी ह्यांनी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवून दिली. बाई दुकानाची पायरी उतरल्या त्या थेट शेजारच्या कुंडीत. (कुंडी फुटली, बाई वाचल्या.) मी खूप हसले. हे हसले नाहीत. घरी येऊन बाटली काढून बसले. तेव्हाच मी ठरवलं, की दारू सोडणारी माणसं एकमेकांच्या आधाराला जिथे जमतात, ती मीटिंग ह्यांच्यासाठी शोधायची.

औषधाच्या दुकानात हळूच चौकशी केली. दुकानदाराला कमी ऐकू येतं, त्यामुळे बाकीच्यांनाही तसंच येत असणार असं तो धरून चालतो. "दारू सोडायची मीटिंग ना? तुमच्यासाठीच का?" हे रांगेच्या टोकापर्यंत गेलं, आणि टोकाला तुमच्या जाऊबाई उभ्या होत्या. पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

मीटिंग भरते नाचाच्या क्लासच्या खोलीत. तिन्ही भिंतींना आरसे. स्वतःशिवाय दुसरीकडे बघायची सोय नाही, म्हणून सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. हे "पुढच्या वेळी बघू" म्हणून घरीच राहिले होते. म्हटलं, आधी आपण पाहून यावं. माझ्याआधी क्रेन चालवणारे एक गृहस्थ बोलले. लेकीच्या लग्नात घरच्यांनी त्यांना मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली होती. आत त्यांना सनई ऐकू येत होती. ते खाली बसले आणि सगळे माझ्याकडे वळले. 'माझा नवरा पितो' हे वाक्य मी कित्येक वर्षं घासूनपुसून तयार ठेवलंय. पण त्या माणसाशेजारी बसून ते चहाडीसारखं वाटलं. तोंडातून निघालं, "मी पिते."

टाळ्या वाजल्या, वन्सं. (लग्नानंतर माझ्यासाठी वाजलेल्या या पहिल्याच.) आता माघार कशी घेणार? मग मी कुंडीचा किस्साही स्वतःचा म्हणून सांगितला. एरवी तो मी चारचौघांत रंगवून सांगते. पण "माझा हात हलत होता, मला दिसत होतं, आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं होतं" असं म्हणताना रंगवायचं राहूनच गेलं. त्या दिवशी हे किती घाबरले असतील. आणि मी हसत होते.

मीटिंग चालवणाऱ्या नर्सबाई रोज संध्याकाळी फोन करू लागल्या. "आज घेतली नाही ना?" "नाही." "शाबास." ज्या शब्दासाठी कुणीतरी दिवसभर दात आवळून बसतं, तो मी भाजी चिरता चिरता फुकट घेत होते. फोन ठेवला की लाज वाटायची.

इकडे ह्यांनी ते फोन ऐकले. बाटलीही भराभर उतरताना पाहिली. (मी रोज थोडी मोरीत ओतत होते.) सगळं जुळवलं आणि उत्तर चुकीचं काढलं. एके सकाळी शेजारी येऊन बसले. "कधीपासून घेतेस?" मी खरं सांगणार होते, पण तो चेहरा पाहून नुसती मान खाली घातली. स्वतःच्या पिण्याचं ह्यांना इतकं दुःख कधी झालं नव्हतं. घरातल्या बाटल्या ह्यांनीच मोरीत रिकाम्या केल्या आणि पुढच्या मीटिंगला माझा हात धरून आले, नातेवाईक म्हणून. नर्सबाईंनी विचारलं, बायकोमुळे तुम्हाला काय सोसावं लागलं? ह्यांनी आरशात बघितलं. मग म्हणाले, "मी घरातच होतो. पण मला कळलंच नाही."

तर असं आहे. मी घेत नाही. निवांत जेवा.

तुमची भावजय

ता. क. यातलं अक्षरही ह्यांना कळू देऊ नका. उलट फोन करून मला चांगलं खडसावा, ह्यांना शेजारी बसून ऐकू येईल असं. मी सुधारले असं वाटलं तर हे मला मीटिंगला न्यायचं थांबवतील. जाऊबाईंनाही जे बोलताहेत ते बोलू द्या. (नर्सबाईंना मी खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशीच कळलं होतं. घेणारा इतकं सरळ बोलत नाही.")

आणखी एक. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून लिहिते. तो खडसावण्याचा फोन आता करू नका. काल मीटिंगमध्ये ह्यांची बोलायची पाळी आली. नेहमीसारखं "हिच्याबरोबर आलोय" म्हणाले, आणि बसता बसता, चपलांकडे बघत, "घेतो मीही." परत येताना दुकानात काम आहे म्हणून वाटेत उतरले आणि दिवेलागणीनंतर घरी आले. दार उघडताना मी आधी ह्यांचा वास घेते, चेहरा नंतर बघते. काल चेहरा बघितला.