वारलूच्या नावाचा दगड

आलापल्ली,
१२ मार्च २०२५

धनराजभाऊंना नूर मोहम्मदचा सलाम.

तब्येत बरी असेल. टीव्हीवर तर रोजच दिसता. इथे मोहाची फुलं पडायला लागली, माझ्या बायकोची, अख्तरीची, गुडघेदुखी जशीच्या तशी. हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना तुमच्या ऑफिसातून एकच उत्तर आलं, सर दौऱ्यावर आहेत. चिमूरचा माणूस इतका मोठा झाला की त्याला घरच्या मुलखाचं टपाल पोचेना! परवा चर्चेत तुम्ही छाती ठोकून म्हणालात, "मी पायी हिंडून, एकेकाला विचारून इतिहास लिहिला." मी टीव्ही बंद केला.

मंगलीबाई आठवते? सत्याऐंशी साली तिच्या गावी आपण जीपने गेलो होतो. सागतोडीविरुद्धच्या आंदोलनात कोण मेलं, हे तुम्ही विचारलंत, मी गोंडीत तिला सांगितलं. ती म्हणाली, "घरवाला बाहेर गेला." मी शब्दाला शब्द मराठी करून दिलं. तुम्ही पुस्तकात छापलंत, या गावात एकही बळी नाही, काही पुरुष कामासाठी बाहेर गेले.

त्या गावची रीत अशी की माणसाच्या नावाचा दगड उभा होईपर्यंत तो मेला असं तोंडातून काढायचं नाही. तिच्या नवऱ्याचं, वारलूचं, प्रेत मिळालं नव्हतं, म्हणून मंगलीबाईने दगड अडवून धरला होता. यंदा माघात तिने तो उभा केला आणि दुसऱ्याच दिवशी काठी टेकत पंचायतीत गेली. "माह्या घरवाल्याले ठेकेदाराच्या लोकाईनं मारलं. आतापर्यंत बोलता येत नव्हतं. आता लिवा."

पाडव्याला आंदोलनाच्या स्मृतिस्तंभावर बळींची नावं कोरणार आहेत. स्तंभाच्या समितीवाल्यांनी तिच्यापुढे तुमचं पुस्तक उघडलं. "धनराजसर म्हणते कोणी मेलं नाई. मंग तू काऊन खोटं बोलतं, बाई?" वाचता न येणाऱ्या बाईला पुस्तक दाखवतात! माझं डोकंच फिरलं. भांडलो, तर मलाच म्हणाले, "तेव्हा काऊन नाई बोलला?"

इथवर आधीच्या पत्रांतही लिहिलं होतं. पुढचं लिहवलं नव्हतं.

ती रीत मला तेव्हाही ठाऊक होती. तुम्हाला घाई होती, आणि शिकलेल्या माणसापुढे मधेच बोलायची मला लाज वाटली. नंतर कळवू म्हटलं. मग पुस्तक आलं. आभारात छापलं होतं, "नूर मोहम्मद यांच्या अचूक दुभाषेपणाविना हे पुस्तक झालं नसतं." ते पान मी काचेत बसवून माझ्या गॅरेजात लावलं. गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं, वर्षानुवर्षं. चूक कळवली असती तर ते उतरवावं लागलं असतं.

काल मंगलीबाई गॅरेजात येऊन बसली. रागावली नाही. एवढंच विचारलं, "नूरभाऊ, त्या सायबानं माह्यं बोलणं लिवलं का तुह्यं?"

भाऊ, पाडव्याच्या आत, पुस्तकात चूक झाली, वारलू मारला गेला, अशा दोन ओळी लिहून सही करून पाठवा. नाव खराब होईल म्हणून कचरत असाल, तर सगळं माझ्यावर ढकला. आभारातून मला काढा आणि त्या जागी वारलूला घाला.

सगळं कळूनही तुम्हाला अर्धंच सांगणारा,
नूर मोहम्मद