चंदरची जागा

१९ सप्टेंबर १९३७

चंदर गेला.

सेमी फायनलला त्याच्या पोटात गुडघा बसला. दोघे एकाच बॉलवर गेले होते — कुणाची चूक म्हणावी अशी नव्हती. चंदर उठला, माती झटकली, शेवटपर्यंत खेळला. आम्ही जिंकलो. तंबूत आल्यावर चहाचा कप हातात घेतला आणि तसाच खाली बसला. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आत काहीतरी फाटलंय, आणायला उशीर केलात. आज सकाळी निरोप आला.

तो लेफ्ट हाफ, मी सेंटर हाफ. तानशाच्या धरणावर पाइपाच्या कामाला होतो तेव्हापासून. तिथल्या साहेबाला फुटबॉलचा नाद, त्याने मजुरांची टीम केली. पुढे गिरणीने आम्हा दोघांना उचललं. हजेरीपटावर आम्ही साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, पण काम मैदानावर.

मुंबईतच अग्नी दिला. मीच दिला.

२२ सप्टेंबर

आटगावला उतरून त्याच्या पाड्यावर गेलो. हातात त्याच्या कपड्यांचं गाठोडं. म्हातारा नवसूबाबा, त्याचा बाप, अंगणात बसला होता.

"कोनी मारला?"

"कोणी नाही, बाबा. बॉलवर गेला आणि लागलं."

"बॉल म्हंजे काय?"

गाठोडं खाली ठेवून हातांनी गोल करून दाखवला. कातड्याचा असतो, आत वारा भरतात. म्हातारा माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला. "याच्यापायी?"

रंभा, चंदरची बायको, बाहेर आली. गाठोडं घेतलं, त्याचा सदरा काढून तोंडाला लावला आणि आत गेली. पोरं दारात उभी. मी पाणीसुद्धा न पिता निघालो.

२६ सप्टेंबर

आज फायनल. हरलो.

बरोबरीत चाललं होतं. मधोमध बॉल माझ्या पायात आला आणि डाव्या अंगाने हाक आली — "धाऊ, हिकडं!" नेहमीसारखी. दबक्या आवाजात, दुसऱ्याला ऐकू जाऊ नये अशी. मी न बघता दिला. इतकी वर्षं न बघताच देत आलो. तिथे कोणी नव्हतं. बॉल त्यांच्या माणसाने घेतला आणि गोल झाला.

कमळाकरपंत आमच्या टीमचे सेक्रेटरी, गिरणीत हेडक्लार्क. तंबूत सगळ्यांसमोर म्हणाले, "कुणाला दिलास?"

२७ सप्टेंबर

कुणाला दिला ते सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर

गावी आलो. सरळगावच्या अलीकडे आमचं घर. भात कापून झालंय. सीझन संपला की गिरणी आम्हाला सोडते, पाऊस जवळ आला की बोलावते.

मोकळ्या शेतात बॉल घेऊन जातो. मारतो, आणि थांबतो. आज गिरजा, माझी बायको, बांधावर कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"कोनाची वाट बघताय?"

"कोणाची नाही."

"मग बॉल तिकडं पडलाय, आनायला का जात नाय?"

खरंच, गेलो नव्हतो. तो परत देईल असं वाटत होतं.

सगळं सांगितलं तिला. हसेल असं वाटलं, भगताकडे चला म्हणेल असंही वाटलं. ती भाताच्या पेंढ्यावर बसली. म्हणाली, "मेलेला हाका मारतोय ते आयकू येतंय. त्याच्या घरात जिती मानसं हायेत, त्यांचं काय चाललंय ते इचारलं का कधी?"

नव्हतं विचारलं.

१७ जानेवारी १९३८

म्हशाच्या जत्रेत रंभा भेटली. नवसूबाबांबरोबर बैल विकायला आली होती. वाळली आहे. दीर जंगलखात्याच्या कामाला गेलाय, घरात म्हातारा आणि पोरं. गिरजाने तिला बळेच जिलबी खायला घातली.

निघताना रंभा म्हणाली, "धाऊदादा, मला त्यांची जागा पायजे."

माझ्या डोळ्यांपुढे मैदानच आलं. डावी बाजू, रिकामी.

तिला कळलं असावं. "गिरनीतली म्हन्ते मी. मानूस मेला तर घरच्यांना घेतात ना कामावर?"

"घेतात," मी म्हणालो.

"मग तुमी बोला."

९ मे

बोललो. कमळाकरपंत चष्मा पुसत होते.

"चंदर कधी साच्यावर उभा राहिला होता का? त्याची जागा मैदानात होती. ती आम्ही भरली."

खरंच भरली आहे. विठू म्हणून खर्डीकडचा गडी आणलाय. तोही ठाकूर जमातीचा, चंदरच्याच नात्यागोत्यातला असावा. अंगाने काटक, पायात बळ आहे. सरावाला माझ्याजवळ आला, "दादा, तो कुठं उभा राहायचा? मला दाखवा."

मी बूट बांधत बसलो. दाखवलं नाही.

१२ जून

पुन्हा हाक. पुन्हा तिकडेच दिला. विठू पुढे पळाला होता, त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. ओरडला नाही.

१३ जून

झोपेत पाय हलतात म्हणे. खोलीतले लोक अंथरूण लांब घालतात.

३ जुलै

आज जे केलं ते नीट लिहून ठेवतो.

मोठी मॅच होती. गिरणीचे साहेब पाहुणे घेऊन आले होते, खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे तयार झाले. मी बूट पायात घातलेच नाहीत.

कमळाकरपंत आले. "काय झालं?"

"चंदरच्या बायकोला वाइंडिंगमध्ये लावा. मग उतरतो."

"ही वेळ आहे का?"

"त्याची वेळ आली तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं."

ते जवळ आले, हळू म्हणाले, "धाऊ, आज मी हो म्हणेन. पण पुढे तुझं काही राहणार नाही, कळतंय ना?" त्यांचा आवाज धमकीचा नव्हता. सांगत होते.

तेवढ्यात साहेब आत डोकावले. पंतांनी इंग्रजीत काही सांगितलं. साहेबांनी माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं, म्हणाले, "नायकिणीला सांगा, बाईला घ्या," आणि पाहुण्यांकडे गेले. वाइंडिंग हे सूत गुंडाळायचं, बायकांचं खातं; तिथे ठेवणं-काढणं सगळं त्यांच्या मुकादमिणीच्या, म्हणजे नायकिणीच्या हातात.

असा मी कधी खेळलो नव्हतो. छाती फुटेपर्यंत पळालो. हाक आली. आली तेव्हा मी मान वळवून बघितलं — पहिल्यांदाच. मोकळी हिरवळ. आणि तिच्या पलीकडे विठू, हात वर करून. त्याला दिला. गोल झाला. लोक नाचत होते. मी मात्र त्या मोकळ्या हिरवळीकडेच बघत होतो.

१८ जुलै

रंभा कामावर लागली. पोरं म्हाताऱ्याजवळ ठेवली आहेत. नायकीण धोंडीबाई कडक आहे, पण पहिल्या दिवशी तिनेच रंभेला आपल्यातली भाकरी दिली.

विठू तिला खोली बघून द्यायला गेला होता. भला माणूस आहे. तरी मी त्याच्याशी फार बोलत नाही.

२ ऑक्टोबर

सीझन संपला. कमळाकरपंतांनी बोलावून सांगितलं, पुढच्या वर्षी येऊ नकोस. कारण विचारलं नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला, हे मात्र खरं.

गिरजाला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. नांगराला मानूस मिळाला."

२० जुलै १९३९

लावणी. चिखलात उभा होतो. डाव्या अंगाने हाक आली. हातातला रोपांचा आवा पडला. मागे फिरून बघतो तर बांध, पाणी, बगळे.

गिरणी सुटली, मैदान सुटलं. हा काही सोडत नाही मला.

११ ऑगस्ट

मुरबाडच्या बाजारात कोणीतरी सांगितलं, आमची टीम यंदा जोरात आहे. लेफ्ट हाफला तोड नाही म्हणाला. मी मीठ घेऊन परत आलो.

३ मार्च १९४०

नवसूबाबा आले. शहापूरपर्यंत कुणाच्या गाडीत, पुढे चालत. गिरजाने पाय धुवायला पाणी दिलं, भाकरी वाढली. खाऊन झाल्यावर म्हणाले, "रंभेनं पाट लावला. त्या विठूसंगं. पोरांना बी नेलं."

मी उठून उभा राहिलो. तोंडात शिव्या आल्या होत्या.

म्हाताऱ्याने मला हाताला धरून खाली बसवलं. "मीच लावून दिला. मी बाप हाय. मी सोडला त्याला. आता तू बी सोड रं, धाऊ. लई दिवस धरून ठेवलास माझ्या पोराला."

मला वाटत होतं, चंदरने मला धरलंय.