भिंगरीची रोजची पानं

ता. ६ जुलै

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, आणि नमस्काराच्या पाठोपाठ एक कबुली.

भिंगरीचं नाव मी शाळेतून काढलं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. ह्यांना विचारलं. हे म्हणाले की पोरगी पूर्वीसारखी बडबडायला लागणार असेल तर काय वाटेल ते कर.

वाचता येत नाही म्हणून तिला रोज बाकावर उभं करायचे. धडा संपला की बसायचं, आणि तिचा धडा काही मधल्या सुट्टीपर्यंत संपायचा नाही. वर्गातली मुलं तिला गोगलगाय म्हणायची. घरी आली की दुकानात माझ्या टेबलाखाली, दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशीनच्या गर्दीत जाऊन बसायची आणि मुकी. जूनमधल्या एका सोमवारी सकाळी तिनं बूट उलटसुलट पायांत घातले. मी सरळ केले, तिनं परत उलटे घातले. तेवढाच उशीर व्हावा म्हणून. नऊ वर्षांच्या पोरीनं एवढी युक्ती शाळा चुकवायला लढवावी, हे मला बघवलं नाही.

शिक्षणखात्याची परवानगी मिळाली आहे. मार्चमध्ये त्यांच्या कचेरीत वाचनाची परीक्षा होईल. पास झाली तर घरचं शिक्षण चालू, नापास झाली तर शाळेत परत, तेही एक इयत्ता खाली. तेव्हा रागवायचं तेवढं रागवा, पण किती वाचून घेऊ ते कळवा. मला मशीनमधला दोष कळतो, पोरीतला कळत नाही.

रागातही आठवण ठेवावी.
तुमची ठकी


ता. १४ जुलै

चि. ठकीस आशीर्वाद.
रागात असताना ते देऊ नयेत, म्हणून चार दिवस थांबून लिहितो आहे.

चौतीस वर्षं मी खडू झिजवला. गावभरची पोरं शाळेत ओढून आणली, आणि माझ्याच लेकीनं माझ्याच नातीला शाळेतून काढलं. वाचनालयाच्या बाकावर आम्ही सहा निवृत्त मास्तर रोज सकाळी बसतो. त्यांच्यापाशी मी हा विषय काढलेला नाही आणि काढणारही नाही.

बाकावर उभं करणं मलाही पसंत नाही. (मी केलेलं आहे, हेही लिहून टाकतो. तू कुणाकडून तरी ऐकलंच असशील.) पण म्हणून शाळाच सोडायची? बरं, झालं ते झालं. आता घरी शिकवायचंच आहे तर लाडालाडानं नको. सोबत वेळापत्रक जोडलं आहे. रोज तीस पानं, दुपारच्या जेवणाआधी. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिनं बरोबरची खूण करायची आणि खाली तू सही करायची. तू तिच्या वयाची असताना तीस पानं हां हां म्हणता वाचायचीस. रक्त एकच आहे.

जावईबापूंना विचारल्याचं सांग. बसच्या पाळ्या करताना वेळेवर जेवतात ना?

तुझ्यावर रुसलेले, तरी तुझेच
बाबा


ता. ९ ऑगस्ट

ती. बाबांस सा. न.
तीस पानांची हकिगत ऐका.

तीन आठवडे सगळं घड्याळाच्या काट्यावर चाललं. दुकानात आलेल्या बायकांना मी खुणा केलेली पानं दाखवत होते. एका शिंपीणबाईंनी तर स्वतःच्या मुलासाठी तुमचं वेळापत्रक उतरवून नेलं. परवा सहज विचारलं की गोष्टीतला तो सुतार शेवटी परत का आला. तिला तो गेल्याचंच माहीत नव्हतं! खोदून विचारल्यावर कळलं की ती प्रत्येक पानाची पहिली ओळ वाचते, शेवटची वाचते आणि खूण करते.

मी फार बोलले, बाबा. लबाड म्हणाले. दोन गिऱ्हाइकं दारात उभी होती, त्यांनीही ऐकलं. ती आधी रडली आणि मग म्हणाली की तीस पानांचा गठ्ठा दिसला की ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे ठणठणीत आहेत म्हणाले.

मग काल दुकान अर्धा दिवस बंद ठेवून तिच्याशेजारी बसले आणि तिला म्हटलं, एकच पान वाच, बाकीचं पुस्तक मी कपड्याच्या चापानं बंद करते. तिनं माझी लोखंडी पट्टी घेतली, ओळीखाली धरली आणि ओठ हलवत हलवत वाचलं. एका पानाला पंधरा मिनिटं. पण नंतर तिनं जे सांगितलं! कोण कुठे उभं होतं, कुणाच्या कोटाचं बटण तुटलं होतं, कोण खोटं बोलत असावं, सगळं. मी तेच पान दोनदा वाचलं होतं आणि बटण मला दिसलं नव्हतं.

तेव्हा आजपासून रोज एक पान. तुमचं वेळापत्रक भिंतीवरून काढलंय, फाडलेलं नाही.

मनातून उतरवू नये.
तुमची ठकी


ता. १७ ऑगस्ट

चि. ठकीस आ.
एक पान! अगं, दात कोरून का पोट भरतं? मार्चमध्ये अनोळखी उतारा समोर ठेवतील, तो दोन पानांचा असतो. मी स्वतः असे उतारे काढलेले आहेत. ते काही कपड्याचा चाप लावू देणार नाहीत.

पण बटणाचं मात्र माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून माझं जुनं चौथीचं वाचनपुस्तक पाठवतो आहे. त्यात दीपगृहाच्या राखणदाराचा धडा आहे. भिंगरीला सांग, एक पान वाचायचं आणि जे कळलं नाही ते आजोबांना लिहायचं. तू मध्ये पडायचं नाहीस, शुद्धलेखनसुद्धा सुधारायचं नाहीस. तिनं खरंच वाचलं की नाही, ते मला तिच्या पत्रावरून कळेल. माझ्या डोळ्यांत धूळ फेकणारा विद्यार्थी अजून जन्माला यायचा आहे.

बाबा


ता. २ सप्टेंबर

तीर्थरुप आजोबांना भिंगरीचा नमस्कार.

मी पहीलं पान वाचलं. सगळं. मधलं पण. मला कळलं नाही ते असं.

राखणदाराला ताप आला तर दिवा कोण लावतं? तो दिवसा झोपतो असं लिहीलंय तर मग जेवण कधी करतो? खडकावर विहीर नाही तर पाणी कुठून आणतो? दिव्याचं तेल वरती कोण नेतं, किती पायर्‍या आहेत? बोट आठवड्यातून एकदा येते आणि वादळ आलं तर येत नाही, मग त्या आठवड्यात काय खातात? तो कुणाशी बोलतो?

आणि त्याला माझ्याएवढी मुलगी आहे असं एका ओळीत लिहीलंय. मग ती कुठल्या शाळेत जाते? खडकावर शाळा नाही.

आई म्हणाली तुम्ही खूप रागीट मास्तर होता. तुम्ही दुसरं पान वाचू नका, मी वाचल्यावर वाचा.

तुमची नात
भिंगरी


ता. १५ सप्टेंबर

चि. ठकीस अनेक आ.
नातीला वेगळं लिहिलं आहे. हे पत्र तुझ्यापुरतं.

तिनं सात प्रश्न विचारले. त्यातल्या चारांची उत्तरं मला येत नव्हती. तो धडा मी चौतीस वर्षं शिकवला, दरवर्षी. वाचनालयात तीन सकाळी बसून दीपगृहांवरचं जाडजूड पुस्तक चाळलं तेव्हा तेल, पाणी आणि वादळातल्या जेवणाचं कोडं सुटलं. सातव्या प्रश्नाला मात्र पुस्तकात उत्तर नाही. माझ्या हाताखालून हजारभर मुलं गेली असतील. ती मुलगी कुठल्या शाळेत जाते, हे एकानंही विचारलं नाही, आणि मलाही कधी सुचलं नाही. तिची आई शिकवत असणार, असं मी भिंगरीला लिहिलं आहे. ते वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

ठके, एक खरं सांगतो. मुलांना किती वाचायला द्यायचं ते आम्ही पानांवर ठरवायचो, कारण पानं मोजता येतात. चाळीस पोरं समोर बसली की मास्तरला काहीतरी मोजायला लागतं. तुझ्यापुढे एकच आहे. तुला मोजायची गरज नाही.

पण तुझंही एक चुकतंय, आणि ते तू मुकाट्यानं ऐकून घे. एका पानावर तू तिला थांबवतेस ते तिच्यासाठी नाही, तुझ्या भीतीसाठी. ती परत मुकी होईल ही धास्ती तू घेतली आहेस. तेव्हा पानं सोड आणि वेळ धर. वीस मिनिटं. वेळ संपली की पुस्तक मिटायचं, ओळ अर्धी असली तरी. राखणदार जिन्यावरून घसरत असला तरी मिटायचं! मग काय होतं ते मला कळव.

तुझा (थोडासा नरमलेला)
बाबा


ता. ५ मार्च

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.
अक्षराकडे बघू नका, बातमी वाचा.

वीस मिनिटांची तुमची मात्रा किती लागू पडली ते मी वेळोवेळी लिहिलंच. पुस्तक मिटलं की ही माझ्याशी भांडायची. डिसेंबरात तर गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करून टेबलाखाली वाचत बसलेली सापडली, तेही एका जुन्या मशीनचं माहितीपुस्तक! तरी वेग बेताचाच राहिला. दोन पानांना पंचवीस मिनिटं. परीक्षेत वीसच देतात.

काल कचेरीत गेलो. लांबट खोली, लोखंडी कपाटं, चार टेबलं. घरी शिकणारी आणखी तीन मुलं होती. आम्हा आयांना काचेच्या दारापलीकडे बसवलं. ह्यांनी पाळी बदलून घेतली होती, ते उभेच होते. उतारा एका होडीवाल्याचा. भिंगरीनं खिशातून माझी पट्टी काढली, ओळीखाली धरली आणि सुरू केलं. एक मुलगा सात मिनिटांत उठला. मग दुसरी मुलगी, मग तिसरा. माझी एकटी खाली मान घालून, ओठ हलवत. वीस मिनिटं झाली तेव्हा तिचं अर्धं पान उरलं होतं.

पुढचं मला बाईंनी स्वतः सांगितलं. त्या तिथल्या मोठ्या अधिकारी, चष्म्याला दोरी लावलेल्या. त्यांनी कागद मागितला. वाचलंय तेवढ्यावर प्रश्न विचारीन, काळजी करू नकोस, असं समजावलं. भिंगरी म्हणाली की त्याचं पुढे काय झालं ते कळल्याशिवाय मी त्याच्याबद्दल काही सांगणार नाही, आणि हवं तर मला उशिराचे गुण कापा. तीच, बाबा! बूट उलटे घालणारी. बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि कागद तिच्याकडेच राहू दिला.

वाचून झाल्यावर सगळे प्रश्न बरोबर आले. मग ती बाईंना म्हणाली की ह्यात एक चूक आहे. होडीवाला मंगळवारी निघतो, बेटावर तीन रात्री राहतो, तर तो गुरुवारी घरी कसा येईल, शुक्रवारी यायला हवा. बाईंनी उतारा दोनदा वाचला, बोटांवर वार मोजले आणि शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना बोलावलं. सहा वर्षं हाच उतारा मुलांना देतोय, म्हणाल्या. मग आपल्या पेनानं गुरुवार खोडून त्यांनी शुक्रवार केला आणि तिला दाखवला.

दाखल्यावर दोन शेरे आहेत. वेग कमी. समज उत्तम. पास! हे बाहेर येऊन एका खांबाकडे तोंड करून बराच वेळ उभे होते. मला म्हणाले की डोळ्यात काहीतरी गेलं.

आता एक काम. पुढच्या वर्षाचा अर्ज आठ दिवसांत भरून द्यायचा आहे. त्यात रकाना आहे, रोज किती वाचन करून घेणार. काय लिहू? ह्या वेळी तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही.

आपली आनंदानं वेडी झालेली
ठकी


ता. १० मार्च

चि. ठकीस, चि. भिंगरीस आणि खांबाकडे तोंड करणाऱ्या जावईबापूंना अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन वाचनालयात गेलो. पाचही मास्तर बसले होते. त्यांना आधी सांगितलं की माझी नात शाळेत जात नाही, आईजवळ शिकते. आठ महिने घशात अडकलेलं वाक्य होतं ते. मग तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. शुक्रवारापाशी आलो तेव्हा आमच्यातल्या गणिताच्या मास्तरांनी बाकावर थाप मारली. इतिहासवाले म्हणाले की तो उतारा त्यांच्याही शाळेत होता आणि गुरुवार त्यांनाही खटकला नव्हता. मी पुन्हा सगळं पत्र वाचलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी वाचलं.

वेग कमी, हा शेरा खोडायच्या भानगडीत पडू नकोस. तो खरा आहे. चालतीबोलती पोर आहे, वेग येईल तेव्हा येईल. दुसऱ्या शेऱ्यापर्यंत मात्र मी जन्मभर मास्तरकी करून फार कमी मुलांना पोचवलं.

रकान्याचं मला विचारू नकोस. तीस मी सांगितलं, ते चुकलं. एक तू सांगितलंस, तेही चुकलं. जिला वाचायचं आहे तिला विचार आणि ती म्हणेल ते लिही.

तुम्हा तिघांचा, छाती फुगलेला
म्हातारा


ता. १३ मार्च

ती. बाबांस सा. न.
घाईत चार ओळी. गिऱ्हाईक समोर बसलंय आणि मशीन उघडं पडलंय.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे अर्ज भिंगरीपुढे ठेवला. तिनं विचार करायला एक रात्र घेतली, रकाना स्वतः भरला आणि मला न दाखवता पाकीट बंद केलं. काल कचेरीत बाईंनी माझ्यासमोर ते उघडलं. रोज किती वाचन, ह्यापुढे तिनं लिहिलं होतं की समजेपर्यंत. बाईंनी एवढंच विचारलं की हे कुणी लिहिलं. मी म्हटलं, माझ्या मुलीनं. त्यांनी खाली शिक्का मारला.

लोभ आहे तसाच असू द्यावा, वाढला तर आमची हरकत नाही.
तुमची
ठकी